पोर्शे ९४४ चालता चालता बंद पडते किंवा स्टार्टच होत नाही? पार्ट मागवायच्या आधी हे तपासा

गाडी मस्त चाललेली असते, आणि सिग्नलला किंवा कधी कधी भर हायवेवर इंजिन एकदम बंद. सेल्फ मारला की स्टार्टर गरागरा फिरतो पण इंजिन काही पकडत नाही. मग अर्ध्या तासाने जणू काही झालंच नाही अशी पहिल्या सेल्फला चालू. गॅरेजमध्ये नेली की तिथे अगदी व्यवस्थित चालते, म्हणून मेकॅनिक अंदाजाने फ्युएल पंप बदलतो, पुढच्या वेळी कॉइल, त्याच्या पुढच्या वेळी सगळे इंजेक्टर, आणि एवढं करून गाडी परत बंद पडते ती पडतेच. शेवटी मालक कंटाळून मिळेल त्या किमतीला विकून टाकतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण ९४४ चं इंजिन स्वतः फार दणकट आहे आणि बहुतेक वेळा दोष असतो एका रिलेत नाहीतर दोन सेन्सरमध्ये.

१९८२ ते १९९१ या काळात १,६३,००० च्या वर ९४४ बनल्या, बहुतेक सगळ्या नेकारसुल्मच्या ऑडीच्या कारखान्यात, आणि त्यातल्या खूपशा अमेरिकेत गेल्या. तिकडे राहणाऱ्या आपल्या कुणी हौसेने एखादी घेतली असेल तर हे त्यांच्यासाठी. मी मुख्यतः २.५ लिटर ८ व्हॉल्व्हच्या गाडीबद्दल लिहितोय. ९२४ एस मध्ये हेच इंजिन आहे त्यामुळे तिलाही जवळपास सगळं लागू पडतं. टर्बोलाही बरंचसं लागू आहे, पण एस आणि एस२ या १६ व्हॉल्व्हवाल्यांचं फ्युएल प्रेशर आणि वायरिंग वेगळं आहे, तिथे आकडे आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधूनच घ्या.

सगळ्यात आधी टायमिंग बेल्ट

हे मी मुद्दाम पहिलं लिहितोय. इंजिन बंद पडलं आणि परत लागत नाहीये तर सेल्फ मारत बसू नका. या इंजिनात बेल्ट तुटला किंवा दात सोडून सरकला तर पिस्टन आणि व्हॉल्व्ह एकमेकांवर आपटतात, आणि प्रत्येक सेल्फबरोबर नुकसान वाढत जातं. तपासायला पाच मिनिटं पुरतात. ९४४ चा डिस्ट्रिब्युटर (प्लगना आळीपाळीने स्पार्क वाटणारा भाग, त्यात फिरतो तो रोटर) कॅमशाफ्टच्याच पुढच्या टोकावर बसलेला असतो, म्हणून त्याची कॅप काढायची, क्रँकच्या बोल्टला २४ चा सॉकेट लावून इंजिन हाताने घड्याळाच्या दिशेने हळू फिरवायचं आणि रोटर फिरतोय का बघायचं. जरा जरी कुठे अडकल्यासारखं वाटलं तर तिथेच थांबा. रोटर फिरत नसेल तर बेल्ट गेला, पुढचं काही वाचू नका, गाडी टो करून न्या. (रोटरचा स्क्रू सैल होऊन तो नुसता जागेवर राहिलाय असंही होतं, तेव्हा हाताने हलवून बघा.) फिरतोय म्हणून लगेच निर्धास्तही होऊ नका, एक-दोन दात सरकलेला बेल्टसुद्धा रोटर फिरवतोच. बेलहाउसिंगच्या (इंजिनमागे क्लच आणि फ्लायव्हील झाकणारं कवच) खिडकीतून फ्लायव्हीलवरची 'ओटी' खूण, म्हणजे पिस्टन अगदी वर असल्याची खूण, जुळवा आणि त्याच वेळी कॅमची खूण जुळतेय का ते बघा. आणि बेल्ट शेवटचा कधी बदलला याचा कागद नसेल तर तो बदललाच नाही असं धरून चाला.

बंद कशी पडली ते आठवा

पाना हातात घ्यायच्या आधी हा विचार करा, अर्धं निदान इथेच होतं. इंजिन बटण दाबून बंद केल्यासारखं फट्कन गेलं, का आधी धक्के देत, पिकअप सोडत, रडतखडत गेलं? फट्कन गेलं तर भानगड इलेक्ट्रिकल, आणि धक्के देत गेलं तर बहुतेक पेट्रोलची. दुसरं म्हणजे गाडी गिअरमध्ये असताना बंद पडली तर चाकं इंजिनाला फिरवतच असतात, तेव्हा आरपीएमचा काटा काय करत होता? इंजिन फिरत असून काटा सरळ शून्यावर पडला तर इग्निशनचा सिग्नलच गेला, म्हणजे रिले, सेन्सर किंवा इग्निशन स्विच. काटा आरपीएम दाखवत होता पण ताकद नव्हती तर स्पार्कची बाजू बहुतेक ठीक आहे, पेट्रोल पोचत नव्हतं. आणि त्या क्षणी डॅशबोर्डवरचं बाकीचं सगळंही गेलं होतं का तेही आठवा. सगळंच गेलं असेल तर इग्निशन स्विच, बॅटरीचे टर्मिनल आणि मेन अर्थ (मायनस बॉडीला-इंजिनाला जोडणारी वायर) बघा. स्टिअरिंग लॉकच्या मागे स्विचचा जो इलेक्ट्रिकल भाग असतो तो झिजतो, आणि मग किल्ली जराशी हलवली तरी इंजिन बंद पडतं. इंजिन चालू ठेवून गाडी उभी असताना किल्ली हळूच डावी-उजवीकडे हलवून बघा, स्विच खराब असेल तर लगेच कळतं. भला मोठा जुडगा किल्लीला लटकवलेला असेल तर तो आजच काढा.

गाडी या सगळ्याचा विचार कसा करते

९४४ मध्ये बॉशचं मोट्रॉनिक आहे, त्याच्या कॉम्प्युटरला सगळे डीएमई म्हणतात. स्पार्क आणि इंजेक्टर दोन्ही तोच चालवतो. फ्लायव्हीलजवळचे दोन सेन्सर त्याला सांगतात की इंजिन फिरतंय आणि पिस्टन अमुक जागी आहे. ही खबर आली तरच तो स्पार्क देतो, इंजेक्टर उघडतो आणि फ्युएल पंपाचा रिले ओढतो. खबर नाही तर सगळंच बंद. यातूनच सगळ्यात उपयोगी नियम निघतो: स्पार्क आणि पेट्रोल दोन्ही एकदम गेले असतील तर दोष त्या दोघांच्या आधी आहे, म्हणजे रिले, सेन्सर, डीएमईचा करंट किंवा अर्थ. दोनपैकी एकच गेलं असेल तरच कॉइल किंवा पंपाच्या मागे लागा. पंप बदलून, कॉइल बदलून पैसे घालवणारे लोक नेमकं हेच आधी बघत नाहीत.

आणखी एक, हल्लीच्या गाड्यांमध्ये किल्ली ऑन केली की पंपाचा घुंईं आवाज येतो तसा इथे येत नाही, पंप सेल्फ मारल्यावरच चालतो. त्यामुळे नुसती किल्ली फिरवून आवाज नाही म्हणजे पंप मेला असं समजू नका.

आता मूळ टेस्ट. कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा आणि तुम्ही आरपीएमचा काटा बघा. सेल्फ फिरत असताना काटा किंचित उडाला पाहिजे, २००-३०० च्या आसपास थरथरला तरी चालेल. उडाला तर डीएमईला करंटही आहे आणि सिग्नलही आहे, तुम्ही स्पार्क-पेट्रोलकडे जा. शून्याला चिकटून राहिला तर पहिला संशय रिलेवर, दुसरा सेन्सरवर. ही काही शंभर टक्के टेस्ट नाही पण फुकट आहे आणि रस्त्याच्या कडेला उभं राहून करता येते.

डीएमई रिले

या एका छोट्या डबीने जगभरात जेवढ्या ९४४ रस्त्यात उभ्या केल्यात तेवढ्या दुसऱ्या कशानेही केल्या नसतील. जुन्या गाड्यांत, म्हणजे १९८५ च्या मध्याला डॅशबोर्ड बदलला त्याआधीच्या, फ्यूज-रिलेचं पॅनल ड्रायव्हरच्या बाजूला डॅशखाली असतं, नंतरच्या गाड्यांत बोनेटखाली मागच्या भिंतीपाशी. या एका डबीत दोन रिले आहेत: एक डीएमईला करंट देतो, दुसरा फ्युएल पंपाला. आत सर्किट बोर्ड आहे आणि वर्षानुवर्षं तापून-थंडावून त्याच्या सोल्डरला गोल बारीक भेगा पडतात. गरम झालं की भेग उघडते, गाडी बंद. थंड झालं की टेकते, गाडी चालू. "उन्हाळ्यातच बंद पडते आणि अर्ध्या तासाने लागते" ही तक्रार आली की मी आधी रिलेच बघायला सांगतो.

टेस्ट अशी. किल्ली बंद. रिले उपसून काढा. रिलेच्या खाली पिनांचे नंबर लिहिलेले असतात, त्यावरून सॉकेटमधली ३० आणि ८७बी ही भोकं शोधा आणि इनलाइन फ्यूज असलेल्या जाड वायरने ती दोन जोडा. पंप मागे टाकीजवळ चालू झाल्याचा आवाज यायला पाहिजे. आला तर पंप, त्याची वायर, त्याचा फ्यूज सगळं ठीक. नाही आला तर आधी फ्यूज बघा, मग पंपाच्या टर्मिनलवर मीटर लावून १२ व्होल्ट पोचतात का बघा. पोचत असून पंप गप्प असेल, आणि त्याचा अर्थही नीट असेल, तरच पंप गेलाय.

मग तिन्ही जोडा, ३०, ८७ आणि ८७बी, आणि सेल्फ मारा. गाडी लागली तर दोष रिलेचा, किंवा फार तर तो ओढणाऱ्या वायरींचा. या जंपरवर, म्हणजे अशा जोडलेल्या वायरवर, गाडी घरापर्यंत नेता येते, पण नीट ऐका, जंपर असताना पंप किल्ली बंद केली तरी चालूच राहतो. अपघात झाला, पाइप फुटला तरी तो पेट्रोल फेकत राहणार. म्हणून जंपर लावायच्या आधी बोनेट उघडून पेट्रोलचा वास येतो का बघा, फ्युएल रेलला (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) येणारे रबरी पाइप कडक-तडकलेले असतील तर लावूच नका, आणि गाडी उभी केली की पहिलं काम म्हणजे जंपर काढणं. रिले उघडून परत सोल्डर करता येतो, भिंगाखाली भेगा स्पष्ट दिसतात, तात्पुरतं ते ठीक आहे. पण नवा घ्या आणि दुसरा एक नवा ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवा.

दोन सेन्सर

रिले बदलूनही काटा हलत नाही, मग इकडे या. इंजिनच्या मागे, बेलहाउसिंगवर एका ब्रॅकेटमध्ये दोन सारखे दिसणारे सेन्सर शेजारी शेजारी बसलेत. एक स्पीड सेन्सर, तो फ्लायव्हीलचे दात मोजतो. दुसरा रेफरन्स सेन्सर, फ्लायव्हीलवरची एकच खूण दर फेरीला ओळखणारा. दोघांच्या वायरी वर येऊन इंजिनच्या मागच्या बाजूला दोन कनेक्टरला जोडल्यात. कनेक्टर अगदी एकसारखे आहेत, उलटसुलट आरामात लागतात, आणि उलटे लागले की गाडी स्टार्ट होत नाही. डीजी म्हणजे स्पीड, बीजी म्हणजे रेफरन्स, जर्मन नावांवरून ही अक्षरं आलीत. ब्रॅकेटवर ती वाचता येत असतील तर उत्तम, नाहीतर काढायच्या आधी रंगीत टेप लावून ठेवा. नुकतंच कुणी त्या भागात काम केलं असेल आणि तेव्हापासून गाडी लागत नसेल तर आधी हेच बघा.

एवढ्या वर्षांच्या उष्णतेने त्या कनेक्टरचं प्लास्टिक बिस्किटासारखं झालेलं असतं, हात लावला की तुकडे पडतात, आणि वायरचं वरचं आवरण उडून आतली जाळी उघडी पडते. तसं दिसलं तर मीटर लावायची पण गरज नाही, बदला. मोजायचंच असेल तर सेन्सरच्या बाजूच्या तीन पिनांमध्ये १ आणि २ मध्ये ६०० ते १६०० ओहम यायला पाहिजेत, आणि १-३ किंवा २-३ मध्ये जवळजवळ काहीच कनेक्शन नको, निदान १ लाख ओहमच्या वर, कारण तिसरी पिन शील्डची, म्हणजे त्या जाळीची आहे. थंड इंजिनवर रीडिंग बरोबर आलं म्हणून सोडून देऊ नका, गाडी गरम झाल्यावरच बंद पडते ना, मग गरम असताना मोजा, किंवा हेअर ड्रायरने सेन्सरची वायर तापवून मोजा. आणि शक्य असेल तर डीएमईच्या प्लगवरून मोजा (२.५ च्या ३५ पिनांच्या प्लगमध्ये स्पीडच्या ८ आणि २७, रेफरन्सच्या २५ आणि २६), म्हणजे सेन्सरबरोबर मधलं अख्खं वायरिंगही तपासून होतं. मल्टीमीटर एसी व्होल्टवर ठेवून सेल्फ मारला तर स्पीड सेन्सरमधून व्होल्ट-दोन व्होल्ट तरी दिसायला हवेत.

काढणं हे खरं कष्टाचं काम. प्रत्येकाला एकच ५ च्या एलन कीचा बोल्ट आहे पण हात पोचायला जागा नाही, आणि सेन्सर ब्रॅकेटमध्ये गंजून घट्ट बसलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, दुसऱ्या दिवशी थोडं थोडं फिरवत काढा. जोर लावून पिळला तर वरचा भाग हातात येतो आणि खालचा आत राहतो. ब्रॅकेटचे बोल्ट मात्र सैल करू नका, कारण सेन्सर आणि फ्लायव्हीलमधला ०.८ मिलिमीटरचा गॅप त्या ब्रॅकेटवर ठरतो. ब्रॅकेट हलला असेल किंवा क्लचचं काम झालं असेल तर मात्र गॅप तपासणं भागच आहे. क्लचच्या कामानंतर रेफरन्सची खूणच फ्लायव्हीलवर परत बसवली गेली नाही असंही होऊ शकतं, तेव्हा कितीही सेन्सर बदलले तरी गाडी लागणार नाही. आणि बदलताना दोन्ही बदला, एक गेला असेल तर दुसरा तेवढाच म्हातारा आहे.

तिथेच बेलहाउसिंगवर डीएमईचे अर्थ जोडलेले आहेत. हात तिथे गेलाच आहे तर ते सोडवून, पॉलिशपेपरने घासून, घट्ट बसवा. फुकटातला इलाज आहे आणि कित्येकदा तोच लागू पडतो.

काटा उडतोय पण इंजिन लागत नाही

स्पार्क पटकन बघून घ्या, इनलाइन स्पार्क टेस्टर लावून. वायर हातात धरून करंट बघायची जुनी सवय इथे नको, या इग्निशनचा झटका जबरदस्त असतो आणि उघड्या ठिणगीने डीएमईही उडू शकतो. कॉइलमधून स्पार्क आहे पण प्लगला नाही तर कॅप आणि रोटर, बास.

पेट्रोलसाठी प्रेशर गेज लावायलाच लागतं, पाइप दाबून अंदाज घेण्यात अर्थ नाही. फ्युएल रेलच्या टोकाला एक कॅप नट आहे, तो टेस्ट पोर्ट. थंड इंजिनवर, खाली फडकं धरून, जवळ फायर एक्स्टिंग्विशर ठेवून हळू उघडा. आत छोटा स्टीलचा बॉल असतो, तो हरवू नका. गेज लावून रिलेच्या जंपरने पंप चालवला की इंजिन बंद असताना २.५ बार, म्हणजे साधारण ३६ पीएसआय आलं पाहिजे. कमी आलं तर फिल्टर, टाकीतली जाळी, पंप, या क्रमाने. वर्षानुवर्षं उभ्या राहिलेल्या गाडीत टाकीतला गंज जाळीवर येऊन बसतो, गाडी छान लागते, दहा-पंधरा मिनिटांनी धक्के देत बंद पडते आणि थोडा वेळ उभी केली की परत चालते. लोक त्यालाही रिले समजतात, पण धक्के हा फरक लक्षात ठेवा.

पंप बंद केल्यावर प्रेशर झर्रकन उतरत असेल तर पंपाचा चेक व्हॉल्व्ह, प्रेशर रेग्युलेटर किंवा गळणारा इंजेक्टर. अशी गाडी गरम असताना खूप वेळ सेल्फ खाते. रेग्युलेटरचा व्हॅक्युम पाइप काढून बघा, त्यात पेट्रोल दिसलं तर आतला पडदा फाटलाय, आणि तेच पेट्रोल सरळ इनटेक मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात हवा नेणारा भाग) जातंय.

प्रेशर आहे, स्पार्क आहे, तरी प्लग ओलेचिंब? डीएमईचा टेंपरेचर सेन्सर मोजा, इंजिनच्या पुढच्या बाजूला दोन पिनांचा आहे. २० डिग्रीला साधारण २ ते ३ हजार ओहम, ८० डिग्रीला तीनशेच्या आसपास. त्याची वायर तुटली तर डीएमईला वाटतं बाहेर बर्फ पडतोय आणि तो पेट्रोल ओतत सुटतो.

फक्त आयडलवर बंद पडते

सिग्नलला बंद पडते पण लगेच लागते, आणि अ‍ॅक्सिलरेटर धरून ठेवला की काही होत नाही, हा वेगळा आजार आहे आणि बहुतेक वेळा चोरून आत शिरणाऱ्या हवेचा. इथे हवा मोजायला एअर फ्लो मीटर आहे, त्याच्या पुढे कुठूनही हवा शिरली तर ती मोजली जात नाही. साधी टेस्ट: आयडलवर ऑइल भरायचं झाकण उघडा. आयडल बदललं, इंजिन अडखळलं तर चांगलं. काहीच फरक पडला नाही तर आधीच कुठेतरी मोठं लीक आहे. फ्लो मीटरपासून थ्रॉटलकडे जाणारा मोठा रबरी बूट खालच्या बाजूने चिरतो, वरून बघितला तर अगदी नवा दिसतो, म्हणून काढून वाकवून बघा. मग डिपस्टिकच्या नळीची ओ-रिंग, ऑइल सेपरेटरचे सील, मॅनिफोल्डखालचे छोटे पाइप. गरम इंजिनवर क्लीनर स्प्रे मारून लीक शोधतात त्याने आग लागू शकते, त्यापेक्षा स्मोक टेस्ट (आत धूर सोडून तो कुठून बाहेर येतो ते बघणं) करून घ्या, पैसे वसूल होतात. आयडल कंट्रोल व्हॉल्व्ह इनटेक मॅनिफोल्डच्या खाली लपलाय, मॅनिफोल्ड काढलाच तर तो साफ करा आणि खालचे सगळे पाइप त्याच वेळी बदलून टाका, परत परत कोण काढणार.

स्टार्टरच फिरत नाही

इथे फार काही नाही. बॅटरी उभ्यात १२.६ व्होल्ट, सेल्फ मारताना १० च्या खाली जाऊ नये. मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकवर धरून सेल्फ मारा, अर्ध्या व्होल्टच्या वर आलं तर अर्थची पट्टी खराब. नंतर कुणी बसवलेला जुना अलार्म असेल तर तो मुळापासून काढा, त्याचे रिले आणि पिळून जोडलेल्या वायरी नुसता मनस्ताप देतात.

आणि डीएमई स्वतः? तो सगळ्यात शेवटी. पण त्याच्याकडे एकदा बघून ठेवा, कारण एक जुनी खोड आहे. बऱ्याच ९४४ मध्ये बॅटरी बोनेटखाली मागे, पॅसेंजरच्या बाजूला आहे, तिच्या अ‍ॅसिडने खालचा ट्रे गंजतो, भोक पडतं, आणि लेफ्ट हँड ड्राइव्ह गाडीत ते पावसाचं पाणी पॅसेंजरच्या पायाशी उतरतं, जिथे नंतरच्या गाड्यांत कार्पेटखाली डीएमई बसवलाय. कार्पेट उचलून हाताने दाबा, ओलं लागलं तर आधी ट्रेचं भोक बुजवा, कारण नवा डीएमई टाकला तरी पुढच्या पावसात त्याचंही तेच होणार. डीएमईचा प्लग काढताना किल्ली बंद आणि बॅटरीचा मायनस सोडलेला पाहिजे. पिना हिरव्या पडल्यात का बघा, कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. ओळखीतल्या कुणाची चालू ९४४ असेल तर त्याच पार्ट नंबरचा डीएमई तासाभरासाठी मागून लावून बघा, आणि तुमचा त्याच्या गाडीत लावा. दोष डीएमईबरोबर त्या गाडीत गेला तरच दुरुस्तीला पाठवा.